ताट कुणाच्या हातात

माझा स्वभाव तापट. हे मी कबुली म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतेय. मी रसायनशास्त्र शिकवते, आणि प्रयोगशाळेत कुणी काचेचं भांडं आपटलं की माझा आवाज खालच्या मजल्यावर जातो. तिथल्या मुली विनाकारण सरळ बसतात. त्यामुळे सुवर्णमहोत्सवाच्या त्या बैठकीत मी एक शब्द न बोलता चहा पीत राहिले, तेव्हा शेजारी बसलेल्या उर्दूच्या मॅडमनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. ताप आहे का म्हणून.

आमचं कॉलेज नांदेडचं, मुलींचं, सिस्टर लोकांनी काढलेलं आणि त्यांनीच चालवलेलं. त्याला पन्नास वर्षं होणार म्हणून कधीची धांदल चालू होती. भिंतींना रंग, बागेत नवी माती, गेटजवळच्या मरियामातेच्या पुतळ्याची डागडुजी. रंगाऱ्यानं हौसेनं पुतळ्याचे ओठ असे लालभडक केले की प्राचार्य सिस्टरनी ते त्याच दिवशी पुसायला लावले. "करवलीवानी दिसायली होती चांगली," असं म्हणत तो बराच वेळ कुरकुरत होता.

बैठकीत सांस्कृतिक समितीच्या मॅडम पाहुण्यांच्या स्वागताचं सांगत होत्या. हुशार बाई, कामाला वाघ, वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान. म्हणाल्या, "बिशपसाहेब आणि पाहुणे गेटवर आले की पाच सवाष्णी त्यांना ओवाळतील. नऊवारी, नथ, अंबाडा. फोटो लई भारी येतील." मग माझ्याकडे वळून, आवाजात साखर घालून म्हणाल्या, "आणि मॅडम, तुम्हाला तर मानाचं काम ठेवलंय. स्मरणिकेत लेख लिहायचा. आपल्या कॉलेजनं एका विधवा बाईच्या हाती औक्षणाचं ताट देऊन त्या काळात केवढी क्रांती केली, त्याच्यावर. तुमच्याइतकं चांगलं ते कोण लिहिणार?"

ती विधवा बाई म्हणजे मीच. आणि ते ताट त्या बैठकीपर्यंत माझ्याच हातात होतं. दरवर्षी स्नेहसंमेलनाला पाहुण्यांना ओवाळायचं काम माझं, हे कॉलेजात ठरून गेलेलं होतं. आता क्रांतीचा लेख मी लिहायचा आणि ताट सवाष्णींनी धरायचं. स्मरणिकेत मान आणि गेटवर मनाई. कुणी दुसऱ्या कुणाला असं म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथं निकाल लावला असता. माझ्यावर आलं तेव्हा मात्र चहाचा कप रिकामा झाला तरी मी तो तोंडाला लावून बसले होते.

का गप्प बसले, ते सांगायचं तर मागं जावं लागतं.

मी मूळची लातूरकडची, मुरुडची. सासर मुदखेडचं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तेव्हा नवरा अपघातात गेला. सासरच्यांनी छळ वगैरे काही केला नाही, उगाच खोटं कशाला बोलू. पण घरात हळदीकुंकू असलं, कुणाची ओटी भरायची असली, कुणाला ओवाळायचं असलं, की मी कुठं उभं राहायचं हे न सांगताच सगळ्यांना कळायचं. मलाही. मी चहाच्या आधणाकडे बघत स्वयंपाकघरात थांबायचे. पुढं अर्धवट राहिलेलं एम. एस्सी. पुरं केलं आणि या कॉलेजात लागले.

तेव्हा प्राचार्य होत्या त्या मोठ्या सिस्टर. आम्ही त्यांना मोठ्या म्हणतो ते नंतर आलेल्या सिस्टरांपासून वेगळं ओळखायला. अंगानं त्या चिमणीएवढ्या. केरळच्या. मराठी शिकल्या त्या होस्टेलच्या पोरींकडून, आणि त्या वर्षी होस्टेलात नेमक्या भोकरकडच्या पोरी जास्त होत्या. त्यामुळे सिस्टरांचा सूर केरळचा आणि शब्द भोकरचे. शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले की सिस्टर त्यांना हात जोडून म्हणायच्या, "या साहेब, लई उशीर केले." साहेब हसावं की घाबरावं अशा अवस्थेत खुर्चीवर बसायचे.

माझ्या पहिल्या वर्षीचं स्नेहसंमेलन. पाहुण्यांची गाडी गेटवर आली. बाकीच्या प्राध्यापिका नटूनथटून पुढं उभ्या होत्या, मी सवयीनं मागं, बोगनवेलीजवळ. मोठ्या सिस्टर ताट घेऊन घाईघाईनं आल्या. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि पुढच्या सगळ्यांना ओलांडून सरळ माझ्याकडे. ताट माझ्या हातात दिलं. "तू कर." मग काहीतरी आठवल्यासारखं करून आपल्या बोटातली बारीक अंगठी काढली आणि सुपारीशेजारी ठेवली. "सोनं लागते ना ताटात?"

सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. कुणाच्या तरी बांगड्या वाजत होत्या त्यासुद्धा थांबल्या. मी सिस्टरांच्या चेहऱ्याकडे बघितलं, तिथं घाईशिवाय काही दिसेना. पाहुणे गाडीतून उतरून हसत उभे. मी कुंकू लावलं, अक्षता लावल्या, अंगठी आणि सुपारी फिरवली, ओवाळलं. गेटवर वारा होता, पण दिवा राहिला. दुसऱ्या वर्षी पुन्हा सिस्टर आल्या आणि पुन्हा तेच. "तू कर."

का, हे त्यांना कुणी विचारलं नाही. विचारणार तरी काय? ही विधवा आहे, हिच्या हातून नको, असं प्राचार्यांना तोंडावर सांगायची प्रत्येकीला लाज वाटली. त्या लाजेतूनच प्रथा पडली. मग लोकांनी त्या प्रथेला अर्थ चिकटवला. सिस्टरनी सगळं जाणून केलं, रूढीला धक्का दिला, क्रांती केली. स्टाफरूममध्ये नव्या आलेल्या प्राध्यापिकेला ही गोष्ट सांगितली जायची, बहुधा मी बाहेर असताना.

मीही तेच धरून चालले होते. पण मला त्या ताटाचं ओझं व्हायचं. वर्षातून एक दिवस मी मान ताठ करून गेटवर उभी राहायचे आणि मनात यायचं, एवढ्या बायकांतून या बाईनं मला निवडलं ते माझ्यात जे नाही त्याच्यासाठी. कीव आली म्हणून. कीव कितीही चांगल्या माणसाची असली तरी ती घेताना हात खालीच असतो. ताट माझ्या हक्काचं असतं तर त्या बैठकीत मी टेबल हलवलं असतं. पण कुणी दयेनं दिलेली वस्तू काढून घेतली तर भांडायचं कोणत्या तोंडानं? म्हणून मी गप्प होते.

बैठक संपल्यावर उर्दूच्या मॅडमनी मला जिन्यात गाठलं. नांदेडच्या जुन्या घरातल्या, माझ्या बरोबरीच्या, मला माझ्या आईपेक्षा जास्त रागावलेल्या बाई. "क्या कू चुप बैठे तुम? ताट तुमाराच है ना?"

"होतं," मी म्हटलं.

"होतं-बितं नक्को बोलो. लेख लिखना है ना तुमकू? तो लातूर जाओ. बड़े सिस्टर कू जाके पूछो, क्यों दिया करके."

मोठ्या सिस्टर आता लातूरला असतात. त्यांच्या संस्थेचं तिथं एक घर आहे, थकलेल्या सिस्टरांसाठी. मी अधूनमधून जाते, पण हा प्रश्न इतक्या वर्षांत कधी तोंडातून निघाला नव्हता. रविवारी सकाळची एसटी धरली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, आणि मी मनातल्या मनात प्रश्न घोकत होते. उत्तर काय येणार हेही ठरवून टाकलं होतं. त्या म्हणणार, "पोरी, तुझं दुःख मला बघवलं नाही." आणि मग मी त्यांच्या पाया पडून परत यायचं, लेख लिहायचा, आणि सवाष्णींचे फोटो काढायला बाजूला उभं राहायचं.

सिस्टर व्हरांड्यात खुर्चीवर बसून शेवग्याचा पाला निवडत होत्या. शेजारी चालायचा वॉकर. मला बघून म्हणाल्या, "आली का? लई वाळली गं तू." हे त्या प्रत्येकाला म्हणतात. मी जवळ बसले, इकडचं तिकडचं झालं, आणि एकदाचं विचारलं.

"सिस्टर, पहिल्या वर्षी ते ताट तुम्ही मला का दिलं?"

"कोणतं ताट?"

"ओवाळायचं. गेटवरचं."

"हाव, हाव. तू लई चांगलं करायची."

"पण मीच का? पुढं एवढ्या जणी उभ्या होत्या."

त्या पाला निवडता निवडताच बोलल्या. "तुझ्या हातात दिवा इझत न्हाई ना. पहिलं जी बाई करायची, गेटवर वारा आला की तिचा दिवा जायचा. मग पाहुणा उभा, आन् आम्ही काडेपेटी शोधून राहिलो. तू नवीन आली तेव्हा एकदा लाइट गेली होती. तू मेणबत्ती घेऊन आख्ख्या व्हरांड्यातून आली. वारा किती! इझली न्हाई. मी बोलले, ही बाई बरी हाय."

मी अजून काही येईल म्हणून वाट बघितली. काही आलं नाही.

"आणि मी विधवा होते, ते?"

"त्याचं काय?"

मग मला सांगावं लागलं. रसायनशास्त्र शिकवल्यासारखं, पायरीपायरीनं. की आमच्यात विधवा बाई ओवाळत नाही. की शुभकार्यात ती पुढं येत नाही. की त्या दिवशी सगळ्या बायका गप्प झाल्या त्या त्याच्यामुळं. सिस्टरांचे हात थांबले.

"असं असते?"

"असंच असतं, सिस्टर."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"आन् मला कुणीच सांगितलं न्हाई?" त्यांचा चेहरा पडला. मांडीवरचा पाला खाली सांडला तरी लक्ष नाही. "म्हणजे मी दर साल तुला सगळ्यांसमोर उभी करून राहिले? तुला तरास झाला का गं? लोक काय बोलले का तुला?"

क्रांती वगैरे काही झालीच नव्हती. इतकी वर्षं आम्ही जिला धाडस म्हणत होतो ती एका परमुलखातल्या बाईची साधी चूक होती, आणि ती चूक आहे हे सांगायला आमच्यापैकी एकीलाही तोंड नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं. पण छातीवरून कुणी पाटा उचलून बाजूला ठेवावा तसं हलकं वाटलं. कीव नव्हती. गेटवर त्या घाईत सिस्टरनी इकडं तिकडं बघितलं तेव्हा त्यांना विधवा दिसलीच नव्हती. दिवा नीट धरणारी बाई दिसली होती, आणि ती बाई मी होते. मी हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले, आणि सिस्टर आणखीच घाबरल्या.

"त्रास नाही झाला," मी डोळे पुसत म्हटलं. "देवाशपथ नाही झाला."

त्यांनी सांडलेला पाला उचलायला घेतला. मग एकदम म्हणाल्या, "पण मग माझी अंगठी तरी ताटात कशी चालायची?"

"तुमच्या अंगठीचं काय?"

"ही लग्नाची हाय ना. येशूबरोबरची." सिस्टर लोक व्रत घेतात तेव्हा ख्रिस्ताला वर मानून अंगठी घालतात, हे मला ठाऊक होतं, ती अंगठी तीच, हे मात्र माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. त्या बोटावर बोट आपटत हिशेब करत होत्या. "आमचा नवरा तर शुक्रवारी मरते. दर साल, गुड फ्रायडेला. रविवारी उठते. मग तोपर्यंत मी पण विधवाच की!"

हे त्या इतक्या गंभीरपणे बोलल्या की माझं हसू पुन्हा फुटलं, आणि मग त्यांचंही. आतून दुसऱ्या एक म्हाताऱ्या सिस्टर काय झालं म्हणून बघायला आल्या आणि आमच्याकडे बघून परत गेल्या.

जेवताना मी त्यांना या वर्षीच्या पाच सवाष्णींचं सांगितलं. मी निघताना त्यांनी आपल्या गळ्यातला दोरा काढला. अंगठी त्यात ओवलेली होती. बोटं सुजतात म्हणून आता ती बोटात जात नाही. "ने. ताटात ठेव. पण परत आण. लई दिवस बाहेर राहिली तर नवरा विचारंल."

"तुम्हीच चला ना कार्यक्रमाला."

"डॉक्टर न्हाई म्हणते. एसटीत बसले तर अहमदपूरच्या आधी स्वर्गात जाईन."

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेल्या गेल्या मी सांस्कृतिक मॅडमना गाठलं. त्या मांडववाल्याशी फोनवर भांडत होत्या. त्यांचं होईपर्यंत थांबले, हा माझ्यापरीनं मोठाच संयम.

"लेख होणार नाही," मी म्हटलं. "क्रांती झालीच नव्हती, त्यामुळं लिहायला काही नाही. आणि ताट मी धरणार."

त्यांचा चेहरा लाल झाला. "मॅडम, माझं काहीच म्हणणं नव्हतं हो. माजी विद्यार्थिनींपैकी एकदोघी म्हणल्या, एवढा मोठा कार्यक्रम, उगं कशाला..."

"मी पण तेच म्हणते. इतकी वर्षं चाललंय ते उगं कशाला बदलायचं?"

मला वाटलं, आता वाद होणार. मी पदर खोचून तयार होते. पण त्या मटकन खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई तुम्ही बोललात. त्या दिवशी मला वाटलं तुम्ही तिथंच झापणार. तुम्ही गप्प बसलात, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागलाय. मला कळत होतं मी चुकायलेय, पण आता मागं कसं फिरावं ते कळत नव्हतं." मग जरा धीर करून विचारलं, "पाच जणींच्या साड्या ठरल्यात. तुम्ही सहाव्या उभ्या राहाल?"

"सहावी नाही," मी म्हटलं. "पहिली."

सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी मी नऊवारी नेसले नाही. माझी नेहमीची इरकल नेसले. ताटात हळदकुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन आणि सिस्टरांची अंगठी. मागं पाच जणी नथी सावरत उभ्या. माजी विद्यार्थिनींची ही गर्दी. त्यात त्या एकदोघीही असणार, कोण ते मी विचारलं नव्हतं. बिशपसाहेब गाडीतून उतरले, टोपी सारखी केली, आणि डोळे मिटून मान खाली घालून माझ्यासमोर उभे राहिले. मी कुंकू लावलं. अंगठी आणि सुपारी फिरवली. ताट उचललं.

आणि दिवा विझला.

मांडवाच्या कापडाखालून वाऱ्याचा एक झोत आला, एवढंच. पण माझ्या हातात कधीच न गेलेला दिवा नेमका त्या दिवशी गेला. मागून कुणीतरी "अगं बाई" म्हटलं. पुढं सगळं चिडीचूप. माझ्या पहिल्या वर्षी झालं होतं तसंच, बांगड्यासुद्धा थांबलेल्या. मनात आलं, झालं, आता बोलायला सगळ्यांना मोकळीक मिळाली. सिस्टरनी मला निवडलं ते दिव्यासाठी, आणि तोच गेला.

बिशपसाहेबांना पत्ता नव्हता. ते डोळे मिटून शांतपणे वाट बघत होते.

"मॅडम, काडेपेटी?" कानाशी आवाज आला. सांस्कृतिक मॅडम.

"पर्समध्ये," मी म्हटलं. लॅबची काडेपेटी माझ्या पर्समध्ये कायम असते. त्यांनी माझ्या खांद्यावरची पर्स उघडली, काडी ओढली, ती गेली. दुसरी ओढली. नथ वाऱ्यानं हलून ओठात येत होती, ती त्यांनी जिभेनंच बाजूला केली, आणि दोन्ही हातांचा आडोसा करून वात धरेपर्यंत वाकून उभ्या राहिल्या. मागच्या पाच जणींपैकी दोघी आपण होऊन वाऱ्याच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. वात धरली.

"ओवाळा, मॅडम," त्या म्हणाल्या.

मी ओवाळलं. बिशपसाहेबांनी डोळे उघडले, हसले, आणि आत गेले. त्यांच्यामागं सगळा जथा आत गेला, आणि त्यात उर्दूच्या मॅडम माझ्या कमरेत एक कोपर मारून गेल्या.

पुढं दिवसभर मी वाट बघत होते काहीतरी होईल म्हणून. शिकलेली बाई, पण खोटं कशाला बोलू, बघत होते. भाषणं लांबली, पण ती एरवीही लांबतात. मांडव पडला नाही. जेवण कुणाला बाधलं नाही. साधी लाइटसुद्धा गेली नाही, आणि नांदेडात राहणाऱ्याला कळेल हे केवढं आश्चर्य. संध्याकाळी खुर्च्या उचलल्या जात होत्या तेव्हा मी मांडवात एकटीच पाय पसरून बसले, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच कुठल्याही कार्यानंतर मला नुसतं दमल्यासारखं वाटलं. बाकी काही नाही. उरलेली जिलेबी कुणीतरी आणून दिली, ती सगळी खाल्ली.

पुढच्या रविवारी लातूरला गेले. सिस्टर त्याच खुर्चीवर, पुढ्यात तोच शेवगा. मी दोरा त्यांच्या गळ्यात घातला. त्यांनी अंगठी चाचपून बघितली.

"दिवा राहिला का?" त्यांनी विचारलं.

"विझला."

"मग?"

"मग परत लावला."

"मग झालं की," त्या म्हणाल्या, आणि निम्मा पाला माझ्या पुढ्यात सरकवला.